बायाक्काच्या घरातलं कूळ

विनोदने नोकरी बदलली तेव्हा त्याची अशी समजूत होती, की आता फक्त रस्ता बदलायचा. आजवर तो बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये होता आणि उचगावच्या घरून गाडीवर जाऊन-येऊन करत होता. आता कर्नाटकाच्या हद्दीपलीकडे, महाराष्ट्रात, कागलच्या औद्योगिक वसाहतीत, गिअर बनवणाऱ्या कारखान्यात त्याला चांगल्या पगाराची जागा मिळाली होती. घरून रोज तिथे जाणे जमणारे नव्हते. म्हणून तो निपाणीत, आपल्या आत्याकडे राहायला आला. सकाळी कंपनीची बस स्टँडसमोरून त्याला घ्यायची, कोगनोळीचा नाका ओलांडायची आणि त्याची झोप पुरी व्हायच्या आत कारखान्याच्या दारात उभी राहायची.

ही बदली त्याच्या आप्पांना, म्हणजे वडील आण्णाप्पांना, मुळीच पसंत नव्हती. ज्या नोकरीला घरचा डबा पोचत नाही ती नोकरी कसली, असे त्यांचे साधे मत होते. विनोद निघाला त्या दिवशी त्यांनी त्याला अडवले नाही. फक्त उद्यमबागेतल्या जुन्या मालकाला जाऊन भेटले आणि 'पोरगं परत येईल, जागा ठेवा' असे सांगून आले. हे विनोदला नंतर आईकडून, जयाबाईंकडून कळले. तेव्हापासून त्याच्या मनात एकच गोष्ट होती. परत जायचे नाही, आणि परत जावे लागेल असे निमित्त आप्पांच्या हाती द्यायचे नाही. पगार झाला की तो न चुकता घरी पैसे पाठवायचा. आप्पांना पैशाची गरज होती असे नव्हे. पण त्याची स्वतःची बाजू मांडायला दुसरा वकील नव्हता.

जानेवारीत नव्या ऑफिसची एक मेल आली. जे वर्षाच्या मध्ये रुजू झाले आहेत त्यांनी आधीच्या नोकरीतल्या पगाराचा तपशील भरून द्यावा. विनोदला फॉर्म भरायला आवडायचे. त्याने जुन्या ऑफिसच्या अकाउंटंटला फोन केला. तो म्हणाला, की कराचा दाखला जूनमध्ये निघतो, त्याआधी मागून उपयोग नाही. पगाराच्या स्लिपा जुन्या फोनबरोबर गेल्या होत्या. मग विनोदने जुने नेमणूकपत्र काढले, त्यातला आकडा फॉर्मात उतरवला आणि सगळ्यांच्या आधी पाठवून दिला.

पगाराचे काम बघणाऱ्या स्वरूपा मॅडमनी त्याला बोलावून घेतले आणि कॉम्प्युटरचा पडदा त्याच्याकडे वळवला. त्यांनी समजावून सांगितले ते असे, की दोन्ही ऑफिसे आपापल्या जागी विनोदला गरीब समजत होती. प्रत्येकाला वाटत होते, की हा जेवढे कमावतो तेवढे आपल्याकडेच कमावतो. आता दोन्ही पगार एकत्र मांडल्यावर तो एकदम श्रीमंत निघाला होता आणि त्या श्रीमंतीचा सगळा कर फेब्रुवारी-मार्चच्या पगारातून कापावा लागणार होता. फेब्रुवारीत हाती काय येईल तो आकडा पडद्यावर होता. विनोदला तो आधी कँटीनची कपात वाटला.

"तुम्ही भाड्याने राहता का?" मॅडमनी विचारले. "भाड्याच्या पावत्या दिल्यात तर काही सूट मिळते का बघता येईल. मालकाची सही हवी, रेव्हेन्यूचं तिकीट लावून. मालक ओळखीचे आहेत ना?"

"आत्याच आहे."

"मग काय, आजच होईल."

विनोदलाही तसेच वाटले.

बायाक्का ही आण्णाप्पांची थोरली बहीण. नवरा तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होता. तो जाऊन बरीच वर्षे झाली. मुलगी लग्न होऊन हुबळीला होती. मागे उरलेले चार खोल्यांचे घर बायाक्काच्या नावावर होते आणि ते तिच्या नावावर आहे हे ती कधी विसरत नसे. विनोद राहायला आला तेव्हा त्याने भाडे द्यायचा प्रयत्न केला होता. भावाच्या पोराकडून भाडे घेतले तर गल्लीत तोंड कुठे दाखवू, असे म्हणून तिने त्याचा हात बाजूला केला. मग तो पगाराच्या दिवशी पैसे पिठाच्या डब्याखाली ठेवू लागला. दुसऱ्या दिवशी डब्याखालची जागा रिकामी असे. तो काही विचारत नसे, ती काही सांगत नसे. जगातले बरेच चांगले व्यवहार असेच चालत असावेत.

त्या संध्याकाळी बायाक्का भाकरी थापत होती.

"आत्ती, एक पावती पायजे हुती."

"कसली?"

"भाड्याची. मी हितं राहतोय न्हवं, त्याची."

थापणारा हात थांबला. "कोण मागतंय?"

"हापीस."

"तुझ्या हापिसाला माझ्या घराशी काय करायचंय?"

विनोदने तिला समजावून सांगितले. बायाक्काला माहिती ऐकायला फार आवडायचे. तिने भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवले आणि एकेक गोष्ट विचारत बसली. कर कुणाला लागतो, दोन हापिसांची गाठ कोण घालून देतो, भाडे भरणाऱ्याचा कर कमी का होतो.

"सरकारला दया येती व्हय भाड्यानं राहणाऱ्याची?"

"तसंच समज."

"मग रेशनला तेल का देईना?"

एवढे विचारून तिचे समाधान झालेले दिसले आणि आता ती पेन मागणार असे त्याला वाटले. पण तिने भाकरी टोपलीत ठेवली आणि शांतपणे सांगितले, "पावती सोडून काय बी माग."

"का गं?"

"पावती म्हंजे काय असती ते आमच्या घरात कुणी शिकवायचं न्हाय."

ते खरेच होते. विनोदला ती गोष्ट लहानपणापासून पाठ होती, फक्त ती कधी आपल्यावर उलटेल असे त्याला वाटले नव्हते. उचगावची त्यांची जमीन मूळची बेळगावातल्या एका इनामदाराची. विनोदचा आजा यमनाप्पा ती खंडाने करायचा. सुगी झाली की ठरलेले भात इनामदाराच्या वाड्यावर नेऊन घालायचे. बाकीची कुळे भात घालून, ताक पिऊन परत येत. यमनाप्पाला अक्षर येत नव्हते, पण तिकीट लावलेली पावती हातात पडेपर्यंत तो अंगणातून हलायचा नाही. पुढे कायदा आला. कसणाऱ्याची जमीन ठरवायला बेळगावात साहेब लोक बसले. इनामदार म्हणाला, ह्या माणसाला मी ओळखत नाही. यमनाप्पाने पटक्यातून पावत्या काढल्या. जमीन त्याची झाली. तेव्हापासून त्या घराण्यात पावती हे एक प्रकारचे बियाणे मानले जाई. जपून ठेवली, की कधीतरी तिच्यातून जमीन उगवते.

"इनामदाराचं तोंड बगितल्यालं हाय मी," बायाक्का म्हणाली. "पावत्या बाहेर निघाल्यावर कसं झालतं."

"आत्ती, मी तुझं घर घेणार हाय का?"

"बा बी असंच म्हणायचा त्यास्नी. 'मालक, मी कशाला तुमची जमीन घेतोय?'"

विनोद जेवून उठला.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने त्याला सोपा उपाय सांगितला. पावत्या आपणच छापायच्या, आपणच सही ठोकायची, सगळे असेच करतात. विनोदला ते पटले नाही. शिवाय खोटी सही करायची म्हटली तरी आत्तीची खरी सही कशी असते हे त्याने कधी पाहिले नव्हते. स्वरूपा मॅडमनी जाता जाता आठवण केली, की सोमवार शेवटचा दिवस आहे.

इकडे निपाणीत शेजारणीने, शालूबाईने, बायाक्काला विचारले, की भाचा दोन दिवस असा घुम्यासारखा का वागतोय. पोटात ठेवण्यासारखे त्यात काही नाही असे समजून बायाक्काने तिला सगळे सांगितले. शालूबाईला विषय फार आवडला. तिच्या अंदाजाप्रमाणे आधी पावती होते, मग त्या पावतीवर गॅस येतो, गॅसवर रेशन कार्ड, कार्डावर मत, आणि मग बायको येते. बायको आली की ती घर कुणाचे हे विचारत नाही. सांगते.

"पर पोरगं चांगलं हाय," बायाक्का म्हणाली.

"चांगलंच असतंय. म्हणूनच कागद करून ठेवावा. वाईट माणसाबरोबर कागद करून काय उपेग?"

हे तत्त्व बायाक्काला पटले आणि दोघी उठून गुंडू रायटरकडे गेल्या. गुंडू रायटर तहसील कचेरीबाहेर ताडपत्रीखाली टेबल टाकून बाँड लिहायचा. मराठीत ऐकायचा, कानडीत लिहायचा आणि दोन्हीत पैसे मागायचा. बायाक्काने सगळी हकिगत यमनाप्पापासून सुरू केली. गुंडूने ती पूर्ण ऐकून घेतली. कुळकायदा शेताचा, घराला तो लागत नाही, आणि भाच्याच्या पावतीने घर जात नाही, हे त्याला चांगले ठाऊक होते. पण 'तुम्हाला कागदाची गरज नाही' असे सांगणाऱ्या रायटरला ताडपत्री गुंडाळावी लागते. म्हणून तो म्हणाला, की पावती बिनधास्त द्या, पण त्याआधी एक कागद घ्या. सदर इसम नोकरीनिमित्त सदर घरात भाड्याने राहत आहे, घरावर त्याचा आणि त्याच्या वडिलांचा कसलाही हक्क नाही, नोकरी आहे तोवर तो इथेच राहील आणि भाडे देईल. खाली बाप-लेकाच्या सह्या.

बायाक्काला तो कागद फारच आवडला. तिने तो गुंडूकडून तिथल्या तिथे दोनदा वाचून घेतला आणि त्याला विचारले, की शहाणी माणसे कागद वाचतात तरी कशी. गुंडूने तिला ते फुकट सांगितले. कागद कितीही लांब असला तरी तीनच गोष्टी बघायच्या. कागद कशाचा, देतंय कोण, घेतंय कोण. बाकी सगळे तहसीलदाराला बरे वाटावे म्हणून लिहिलेले असते.

संध्याकाळी विनोद घरी आला तेव्हा कागद ताटाशेजारी ठेवलेला होता.

"तुझी सही, तुझ्या बापाची सही. मग तुला पायजे तेवढ्या पावत्या घे."

विनोदने हातातला घास ताटात ठेवला. "आप्पांची कशाला? मी करतो की सही."

"तुझ्या सहीला काय किंमत हाय? तुझ्या नावावर आज काय हाय?"

विनोदने विचार केला. एक मोटारसायकल होती, तीही हप्त्यावर. त्याने आत्तीला हरतऱ्हेने सांगून पाहिले. आप्पांना आत्ताच कळवू नये, त्यांना नव्या नोकरीची आधीच अढी आहे, पगार कापला जातोय हे कळले तर ते येऊन मला घेऊनच जातील. बायाक्काने सगळे मन लावून ऐकले. नंतर त्याला झोप लागल्यावर तिने विचार केला, की पोरगे बापाला घाबरते आहे, तेव्हा आपणच बोलावे. सकाळी तो बसमध्ये बसला त्या वेळी तिने उचगावला फोन लावला.

तिने भावाला जे सांगितले त्यात एक शब्द इकडचा तिकडे नव्हता. विनोदच्या हापिसाला पावती पायजे, पावतीच्या आधी मला एक कागद पायजे, त्यावर तुझी सही पायजे. आण्णाप्पांनी प्रत्येक शब्द नीट ऐकला. अडचण एवढीच झाली, की त्यांचा एकाही शब्दावर विश्वास बसला नाही. गेल्या वर्षी त्यांच्या बांधाला बांध असलेल्या जोतिबाच्या बहिणीने असाच सहज फोन केला होता. तिला जमिनीच्या उताऱ्याची फक्त एक झेरॉक्स हवी होती, पोराच्या शाळेसाठी. दिवाळीपर्यंत मोजणीदार येऊन तिच्या वाट्याच्या खुणा रोवून गेला. वाटा हवा असलेली बहीण पहिल्यांदा कधीच वाटा मागत नाही, कागद मागते, असा आण्णाप्पांचा तेव्हापासून पक्का अनुभव होता.

त्यांनी फोन खिशात घातला आणि जयाबाईंना सांगितले, "आक्कानं सुरुवात केली. आणि आपलंच पोरगं तिथं बसून तिला शिकवतंय."

रविवारी सकाळी विनोदने दार उघडले तर दारात आप्पा उभे. हातात पिशवी, केळीचा घड, काखेत बेळगावच्या शहापुरातल्या दुकानाचा बॉक्स. आप्पा आपल्याला न्यायला आले याबद्दल त्याला शंका राहिली नाही. त्याने मनातल्या मनात भाषण जुळवायला घेतले. पण आप्पांनी चप्पल काढता काढता विचारले, "पगार बरा हाय न्हवं?"

"बरा हाय."

"मग झालं."

एवढे बोलून ते आत गेले. विनोद दारातच थांबला. त्याने तयार केलेली सगळी उत्तरे तशीच शिल्लक राहिली, आणि वडिलांनी वाद घातला नाही याचीच त्याला भीती वाटू लागली.

दुपारपर्यंत ही भीती बायाक्कालाही वाटू लागली. आण्णाप्पा दोन घास जास्त जेवले. आमटी चांगली झाली म्हणाले. घराला रंग कधी दिलास, छान दिसतोय म्हणाले. रंग नवरा होता तेव्हाचा होता. मग त्यांनी बॉक्स उघडून साडी तिच्यापुढे ठेवली. वडगावच्या मागावरची होती, काठ रुंद होते.

बायाक्काने काठावरून बोट फिरवले. "संक्रांत झाली, शिमगा लांब हाय. साडी कशाची ही?"

"भणीला साडी द्यायला सण लागतोय व्हय?"

"आजवर लागत हुता."

आण्णाप्पा हसले. मग 'तो कागद आण, सही करून टाकतो' म्हणाले. बायाक्काने गुंडू रायटरचा कागद आणला. आण्णाप्पांनी तो वाचलासुद्धा नाही. चष्मा न लावता, भिंतीला टेकून, मांडीवर ठेवून त्यांनी सही केली आणि विनोदलाही करायला लावली. इतक्या सहजपणे सही करणारे गिऱ्हाईक गुंडूने उभ्या जन्मात पाहिले नसेल. बायाक्काने सहीवर फुंकर घातली आणि भावाकडे नवलाने पाहत राहिली.

"आता माझ्या एका कागदावर तुझी कर," आण्णाप्पा पिशवीत हात घालत म्हणाले.

"कसला?"

"काय न्हाय. उताऱ्याचं काम हाय. कंप्युटरला लागतंय."

प्लॅस्टिकच्या पाकिटातून कागद बाहेर आला. कानडीत टाइप केलेला, वर मुद्रांक, खाली फुलीची खूण केलेली रिकामी जागा. बायाक्काला मराठी वाचता यायचे, कानडी नुसते बोलता यायचे. तिने कागद हातात घेतला, खालीवर पाहिला आणि विनोदकडे दिला. "इनोदा, वाच."

"त्याला कशाला तरास?" आण्णाप्पा म्हणाले. "ठराविकच असतंय."

पण विनोदच्या हातात कागद पडला होता. तो मान खाली घालून मनातल्या मनात वाचू लागला. एक ओळ झाली, दुसरी झाली. आण्णाप्पा पंख्याकडे बघू लागले.

"सगळं नको सांगू," बायाक्का म्हणाली. "मी इचारतो तेवढं सांग. कागद कशाचा?"

"उचगावच्या जमिनीचा. वाटा सोडल्याचा."

"सोडतंय कोण?"

"तू."

"घेतंय कोण?"

विनोदने मान वर केली आणि अगदी हळू सांगितले, "आप्पा."

बाहेर शालूबाई तिच्या दारात काहीतरी निवडत होती. तिच्या सुपाचा आवाज थांबला.

बायाक्का रागावेल असे दोघांनाही वाटले होते. पण ती रागावली नव्हती. कुणीतरी घरातलीच एक खोली नव्याने दाखवावी तसा तिचा चेहरा झाला होता.

"माझा वाटा हाय त्यात?"

"हाय म्हंजे, तसा कायद्यानं हाय," आण्णाप्पा म्हणाले. "आपल्यात कोण धरतंय ते."

"कायद्यानं असतोय त्योच हक्क रं. मायेनं असती ती साडी."

मग आण्णाप्पांनी सगळे सांगून टाकले. जोतिबाची बहीण, तिची झेरॉक्स, तिचा मोजणीदार, आणि रात्री झोप न येणे. तुझा फोन आला आणि मला तीच आठवली म्हणाले. बायाक्का ऐकत होती. तिने विचारले, की आता भात किती होते, बासमती लावतोस का इंद्रायणी, विहिरीला पाणी कुठपर्यंत असते, वरच्या तुकड्यात बा बसायचा तो दगड अजून आहे का. आण्णाप्पा एकेकाचे उत्तर देत गेले. विनोद दोघांकडे आळीपाळीने पाहत होता. एका पावतीपायी आत्तीचे माहेर तुटते की काय, या भीतीने त्याला पगाराचा विसर पडला होता.

"मला काय जमीन नको," शेवटी बायाक्का म्हणाली. "ह्या वयात मी चिखुल कुठं तुडवू? तू कसतोस, कस. पर सोडल्याची सही बी मी करणार न्हाय. सुगी झाली की एक पोतं नवं तांदूळ हितं यायला पायजे. दर साल."

"एवढंच?" आण्णाप्पांचा जीव भांड्यात पडला. "अगं, मागिटलं असतंस तर तसंच पाठवलं असतं."

"मागून न्हाय. वाट्याचं म्हणून. लिवून दे."

विनोदने वहीचा कागद फाडून लिहायला घेतले. मध्येच बायाक्काने विचारले, की तांदळाला कर लागतो का, दोन हापिसांसारखे काही होणार नाही ना. शेतीच्या उत्पन्नाला कर नसतो असे विनोदने सांगितल्यावर ती म्हणाली, की सरकार अगदीच वाईट नाही. आण्णाप्पांनी पेन उचलले. सही करता करता त्यांचा हात थांबला. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी चमकले.

"आक्का, पोतं पोचलं की तू मला पावती देणार न्हवं? तिकीट लावून?"

बायाक्का हो म्हणायला तोंड उघडणार होती. पण शेवटी दोघेही यमनाप्पाचीच मुले.

"पावती न्हाय."

"अगं, माल पोचला तर पावती नको?"

"आण्णाप्पा, मी इनामदाराच्या घरात जल्मलो न्हाय. तांदूळ आण, भाकरी खा, जा. पावती न्हाय."

आण्णाप्पांनी मुकाट्याने सही केली. बायाक्काने तो कागद आणि गुंडूचा कागद एकावर एक ठेवला आणि मग मन मोठे करून विनोदला म्हणाली, "आण तुझ्या पावत्या." विनोदने तयार ठेवलेल्या पावत्या आणि तिकिटे भराभर पुढे केली. ती एकेकीवर तिकीट चिकटवू लागली, तिकिटावर सावकाश सही करू लागली. सही मराठीत होती, गोल, ठसठशीत. शेवटची पावती व्हायची होती, तेवढ्यात विनोदचा फोन वाजला. स्वरूपा मॅडम होत्या.

"सुट्टीच्या दिवशी त्रास देते," त्या म्हणाल्या. "उद्या शेवटचा दिवस, म्हणून तुमचा फॉर्म परत बघत होते. तुम्ही मागच्या ऑफिसचा पगार लिहिलाय तो अख्ख्या वर्षाचा आहे. तुम्ही तिथं सप्टेंबरपर्यंतच होता ना?"

"हो."

"मग निम्माच धरायचा. कॉम्प्युटर तिथलं अख्खं वर्ष आणि वर आपल्याकडचं बाकीचं वर्ष धरून बसलाय. निम्मा धरला तर तुम्हाला कर लागतच नाही. पावत्याबिवत्या काही नकोत."

विनोदने फोन खाली ठेवला. मग काय झाले हे दोघांनी विचारल्यावर त्याने ते सांगितले. पगार कापला जाणार होता तेही सांगितले. आता लपवण्यासारखे काही उरले नव्हते. आण्णाप्पांनी सगळे ऐकून घेतले. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांचा चेहरा ओळखीचा दिसू लागला.

"म्हंजे तू एक आकडा चुकीचा लिवलास, आणि मी शहापूरची साडी घेऊन हितंवर आलो."

"व्हय."

"कपडे भर. संध्याकाळच्या गाडीनं चल माझ्यासंगट. ज्याला सोताचा पगार लिवता येत न्हाय त्यानं हद्दीपल्याड जाऊन काय गिअर मोजायचं? उद्यमबागेत सांगून ठेवलंय मी."

विनोदचे जुळवलेले भाषण आता उपयोगी पडायला हवे होते. पण त्यातला एकही शब्द त्याला आठवेना. तो उठून उभा राहिला, तेवढ्यात बायाक्का म्हणाली, "त्यो कुठं जात न्हाय. माझा भाडेकरू हाय त्यो."

"काय तरीच बोलतीस आक्का."

"मी न्हाय, तू बोललायस." तिने गुंडूचा कागद वर काढला आणि बोट ठेवले. "नोकरी हाय तवर हितंच राहील नि भाडं देईल. खाली तुझी सही. वाचून करायची हुतीस."

आण्णाप्पांनी खिशातून चष्मा काढला, लावला आणि आपली सही पहिल्यांदाच नीट पाहिली. कागद कशाचा, देतंय कोण, घेतंय कोण, सगळे तिथे होते. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग त्यांना एक वाट दिसली.

"पर आता पावती लागत न्हाय न्हवं?" ते म्हणाले. "पावतीसाठी कागद केलता. पावतीच नको म्हटल्यावर ह्यो बी रद्द, तांदळाचा बी रद्द. फाडून टाकूया की सगळं, कशाला घरात कागद?"

बायाक्काने दोन्ही कागदांची नीट घडी घातली आणि ती कनवटीला खोचली.

"त्याच्या हापिसानं नको म्हटलंय," ती म्हणाली. "माझ्या हापिसानं अजून म्हटल्यालं न्हाय." आणि शेवटच्या पावतीवर तिकीट लावायला घेतले.